कामतघरचा नळ आणि पंधरा हजारांचा फिल्टर

भिवंडीच्या नळाला पाणी तीन वाटांनी येतं. एक वाट गावातलीच, कामतघरच्या वऱ्हाळा तलावाची. दुसरी उल्हास नदीची: शहाडला उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होतं आणि 'स्टेम' या पाणीपुरवठा यंत्रणेच्या वाहिन्यांमधून ठाणे, मीरा-भाईंदर आणि भिवंडीकडे जातं. तिसरी वाट मुंबई महापालिकेची. शहापूरकडून मुंबईला निघालेल्या मोठ्या जलवाहिन्या भिवंडी तालुक्यातूनच जातात, भातसाचं पाणी शुद्ध करणारं पांजरापूरचं केंद्रही याच तालुक्यात आहे, आणि त्या पाण्यातला काही वाटा या शहराला मिळतो. तिन्ही वाटांचं पाणी नदी-तलावाचं, म्हणजे मूळचं पावसाचं. घरासाठी फिल्टर घ्यायला निघालेल्या माणसाने आधी ही गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि नेमकी हीच गोष्ट त्याला विक्रेत्याकडून ऐकायला मिळत नाही.

पुढच्या संवादातले मामा सायझिंगच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते, आता निवृत्त आहेत. भाची पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. कामतघरला दुसऱ्या मजल्यावर तिचं सहा माणसांचं घर: सासूबाई, नवरा, दीर, गरोदर जाऊ आणि चार वर्षांचा मुलगा. पंधरा हजारांचा आरओ हप्त्याने घ्यायचं तिने जवळपास ठरवलं आहे. पाण्याशी दोघांचंही नातं कामाचं, पण मामांनी जन्मभर पाण्यातले क्षार पाहिले आणि भाचीने पाण्याने आजारी पडलेल्या माणसांचं रक्त.

भाची : मामा, पैशांची सोय झालीय. हप्ता बसेल, पण एकदाच काय ते होऊन जाईल.

मामा : एकदाच कसं होईल? गाळण्या, मेंब्रेन, सर्व्हिसिंग, दर वर्षी माणूस दारात येणार. पण ते राहू दे. आरओच का, ते आधी सांग.

भाची : त्या माणसाने घरी येऊन दाखवलं ना. दोन ग्लास घेतले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या आणि वीज लावली. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी, वर फेस, खाली गाळ. आरओचं जसंच्या तसं. सासूबाईंनी मुलाच्या हातातला पेलाच काढून घेतला.

मामा : त्याला सांगायचंस, तुझ्या त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा कांड्या सोड.

भाची : मग काय होईल?

मामा : तेही तसंच तपकिरी होईल. अगं, त्या कांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात थोडे जरी क्षार असले तरी वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तुम्ही पाहिलात तो गाळ त्याच्या कांडीचा, तुमच्या नळाचा नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच उरतात, म्हणून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले असते तरी ते तसंच स्वच्छ दिसलं असतं.

हा प्रयोग दारोदार दाखवला जातो आणि मला त्याची मनापासून चीड येते. तो सर्वांत जास्त चालतो तो ज्या घरात लहान मूल आहे तिथे. भीती मुलाच्या आजाराची असते आणि उत्तर मिळतं पाण्यातल्या क्षारांचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

भाची : पण टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ते तर खरंच मोजता येतात. त्याने मीटरही लावला होता.

मामा : किती आला?

भाची : दीडशेच्या आसपास. तो म्हणाला, आरओनंतर तीस होईल.

मामा : आता माझं ऐक. सायझिंगला सुताच्या तान्याला खळ लावून वाफेवर सुकवतात, त्यासाठी बॉयलर. बॉयलरला बोअरचं पाणी तसंच दिलं तर नळ्यांच्या आत क्षारांची खपली धरते, कोळसा जास्त खातो, एखाद दिवशी नळी फुटते. म्हणून सॉफ्टनर असतो, त्यात मीठ घालून तो धुवायचा, रोज पाण्याची परीक्षा करायची. क्षारांना मी घाबरतो, पण बॉयलरसाठी. माणसासाठी पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस 10500. त्यात टीडीएस लिटरला पाचशे मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय. दुसरं पाणीच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्या म्हणतात. तुझं पाणी दीडशेचं. त्यातून आणखी काय काढायचंय?

भाची : कमी झाला तर बिघडलं काय?

मामा : पाणी वाया जातं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला वीस लिटर धर. म्हणजे साठ लिटर गेलं. महिन्याला अठराशे लिटर! आणि ते या भिवंडीत, जिथे बायका पाण्याच्या वेळेला कामं सोडून नळापाशी उभ्या राहतात. हरित लवादानेही 20 मे 2019 ला हेच सांगितलं होतं, टीडीएस पाचशेच्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला म्हणून.

भाची : बरं, क्षारांचं मी सोडलं. पण मामा, तुमचा मीटर आणि तुमचं मानक माझ्या टेबलावर येऊन बघा. पावसाळा लागला की माझ्याकडे कोण येतं? टायफॉइडच्या संशयाचे, काविळीचे. रक्ताची नळी बाजूला ठेवली की वरचा द्रव हळदीसारखा पिवळा दिसतो, रिपोर्ट यायच्या आधीच कळतं. त्या सगळ्यांच्या घरीही पाण्याचा टीडीएस दीडशेच असणार. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काय झालं ते आठवा. तेही आपल्यासारखंच यंत्रमागाचं गाव. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि काविळीची साथ आली, हजारो माणसं आजारी पडली, मृत्यूही झाले. तो हेपॅटायटिस ई होता. साधारण माणूस त्यातून बरा होतो. पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावतात. माझ्या घरात जाऊ सहा महिन्यांची गरोदर आहे. तुम्ही मला पाण्याची बचत सांगताय.

मामा : (थांबून) हे तू आधी सांगायला हवं होतंस.

भाची : आता सांगितलं. आता फिल्टर सांगा.

इथे वादाची दिशा बदलली, आणि माझ्या मते ती योग्य जागी आली. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन असतो. घरापर्यंत पोचेतो त्यातला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक राहावा, असं तेच मानक सांगतं. पण आपल्या शहरांत पाणी चोवीस तास येत नाही. नळ बंद असतो तेव्हा वाहिनीत दाब नसतो, आणि वाहिनी बऱ्याच ठिकाणी गटाराला लागून किंवा गटारातूनच गेलेली असते. एखाद्या सांध्याला चीर असली तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी आल्याबरोबर लोक थेट लाइनला मोटार लावतात आणि ही ओढ वाढवतात. टेमघरला किंवा पांजरापूरला निर्दोष असलेलं पाणी शेवटच्या गल्लीत बिघडू शकतं. घरातल्या फिल्टरचं खरं काम या शेवटच्या गल्लीपुरतं आहे.

मामा : कँडलचा फिल्टर आपल्या घरी वर्षानुवर्षं होता. स्टीलचे दोन डबे, मध्ये पांढऱ्या मातीच्या कँडल. गाळ अडतो, बरेचसे जंतू अडतात.

भाची : विषाणू अडत नाहीत. कँडलची छिद्रं त्यांच्यासाठी फार मोठी.

मामा : मग यूएफ घे. पोकळ धाग्यांची गाळणी असते, छिद्र मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढं. वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही, वरच्या डब्यातून खालच्या डब्यात आपोआप उतरतं. दोन-अडीच हजारांत मिळतो. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असाच पडदा चढवलेली कँडल बनवली होती, बिनविजेची.

भाची : यूएफने बॅक्टेरिया जातात, हे मान्य. पण सगळ्या यूएफची छिद्रं कागदावर लिहिल्याएवढी बारीक नसतात, आणि हेपॅटायटिस ईचा विषाणू मायक्रॉनच्या तिसाव्या भागाएवढा. एखादा धागा तुटला तर बाहेरून कळत नाही. माझं मन यूव्हीवर, म्हणजे अतिनील किरणांच्या फिल्टरवर आहे.

मामा : यूव्ही चांगला, पण त्याला दोन गोष्टी लागतात: वीज आणि स्वच्छ पाणी. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की जंतू मातीच्या कणाआड लपतात आणि किरण तिथे पोचत नाही. म्हणजे नेमक्या धोक्याच्या महिन्यात तो लंगडा पडतो. शिवाय ट्यूब निळी पेटलेली दिसते, पण वर्षभरात तिचा जोर उतरलेला असतो. सहा-सात हजार देऊन तू निर्धास्त होणार, आणि तो निर्धास्तपणाच घात करतो.

भाची : मग उकळणं. एक मिनिट खळखळून उकळलं की बॅक्टेरिया, विषाणू सगळे मेले. याला काही तोड नाही.

मामा : तोड नाही, पण गॅसला पैसे पडतात. सहा माणसांना पिण्यापुरतं बारा लिटर धर. रोज बारा लिटर उकळायचं तर महिन्याला साधारण साडेचार किलो गॅस जातो. म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरचा जवळजवळ तिसरा हिस्सा. वर्षाला चार सिलिंडर नुसते पाण्यात.

भाची : तुम्ही हा हिशेब कधी केलात?

मामा : बॉयलरवर चाळीस वर्षं काढली, पाण्याला किती जाळ लागतो ते मला कोणी शिकवायला नको.

त्यांच्या या हिशेबातली एक गोष्ट मला मोलाची वाटते: पिण्याचं पाणी आणि वापरायचं पाणी वेगळं धरणं. भाताला, वरणाला, चहाला पाणी उकळतंच, ते आधी फिल्टर करायची गरज नाही. भाज्या आणि भांडी धुवायला तर नाहीच. सहा माणसांच्या घराला फिल्टरमधून काढायचं पाणी दिवसाला बारा लिटर. हा आकडा ठरला की मोठ्या टाकीचं, भिंतीवर झळकणारं यंत्र घेण्याचं कारणच उरत नाही.

भाची : मग गर्भारपणापुरतं जाऊचं पाणी उकळायचं, बाळाचंही. बाकीच्यांना यूएफ. चालेल?

मामा : चालेल. दिवसाला तीन लिटर उकळायला काही जड नाही. आणि पावसाळ्यातले पहिले दोन महिने, किंवा नळाला गढूळ, वास मारणारं पाणी आलं की तेवढे दिवस सगळ्यांचंच उकळायचं. गॅस संपत आला असेल तर क्लोरीनचे थेंब. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं.

भाची : थेंबांचा वास सासूबाईंना आवडत नाही.

मामा : वास असू दे. तो वास म्हणजे पाण्यात अजून राखणदार जागा आहे. फिल्टरमधला कोळसा वास काढतो तसा क्लोरीनही काढून टाकतो, हे लक्षात ठेव. आरओचंही तसंच. म्हणून गाळलेलं पाणी दोन-दोन दिवस साठवायचं नाही, आणि डब्यात पेला बुडवायचा नाही. तोटी असलेलाच डबा घे, तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं.

भाची : गढूळ पाण्याने यूएफ लवकर तुंबणार.

मामा : त्याला आधी फडकं बांध. आईची जुनी सुती साडी चार पदरी करून बांधायची.

भाची : मामा, ही आजीच्या काळातली गोष्ट झाली.

मामा : आजीच्या काळातली असेल, पण तपासून पाहिलेली आहे.

मामांनी हे कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरं आहे. रिटा कोलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या 65 गावांत हा प्रयोग केला आणि 2003 मध्ये तो प्रसिद्ध झाला. जुन्या साडीच्या निदान चार घड्यांतून गाळलेलं पाणी प्यायलेल्या गावांत कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्लवकांना चिकटून राहतात आणि ते प्लवक फडक्यात अडकतात. साडी जुनीच हवी, कारण धुऊन-धुऊन सुती धागा फुलतो आणि छिद्रं बारीक होतात. इथल्या मागावरचं नवं कोरं पॉलिस्टर त्या कामाचं नाही. सुटे जंतू आणि विषाणू साडी अडवत नाही, म्हणून ती फिल्टरच्या जागी नाही, फिल्टरच्या आधी. ज्या घराला दोन हजारांचा डबाही परवडत नाही, आणि भिवंडीतल्या शांतीनगरसारख्या वस्त्यांत अशी घरं पुष्कळ आहेत, त्यांनी चार पदरी साडी आणि क्लोरीनचे थेंब एवढं रोज नेमाने केलं तरी काविळीपासून आणि जुलाबापासून बरंच संरक्षण मिळतं. याची जाहिरात कोणी करत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

विकण्यासारखं, पण खरोखर स्वस्त असं काही बनवायचा एक चांगला प्रयत्न आपल्याकडे झाला, तोही इथे सांगायला हवा. पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरने भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळणारा 'सुजल' तयार केला. पुढे राखेला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड देऊन 2009 च्या डिसेंबरात 'टाटा स्वच्छ' बाजारात आला, किंमत 749 आणि 999 रुपये. त्याची गाळणी तीन हजार लिटरला बदलायची. दिवसाला बारा लिटरच्या घरात ती अडीचशे दिवस पुरते. कोणताही फिल्टर घेताना हाच हिशेब करावा: डब्याची किंमत नव्हे, गाळणी किती लिटर चालते, केवढ्याला पडते आणि पुढल्या वर्षी ती भिवंडीतल्या दुकानात मिळेल का.

भाची : एक गोष्ट अजून मनात आहे. उल्हासमध्ये कारखान्यांचं पाणी सोडतात. 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध हरित लवादात केवढी लढाई दिली. रसायनं, धातू हे यूएफने जात नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. ते आरओने कमी होतात.

मामा : होतात. इथे तुझं बरोबर आहे, आणि हे मीटरवरही दिसणार नाही, कारण मीटर फक्त एकूण क्षार मोजतो. शिसं थोडं असलं तरी आकडा दीडशेच.

भाची : मग?

मामा : मग अंदाजाने पंधरा हजार घालायचे नाहीत. सरकारी प्रयोगशाळेत नमुना देऊन एकदा धातूंची तपासणी करून घे. त्यात सापडलं तर मी स्वतः तुला आरओ आणून बसवून देतो. आणि ते एकट्या तुझ्या घरात थोडंच असेल? अख्ख्या कामतघरात असेल, मग मोर्चा महापालिकेवर. तिथे फिल्टर पुरणार नाही.

भाची : आणि टँकर? उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो.

मामा : टँकरचं सगळं वेगळं. ते कुठल्या बोअरचं, कुठल्या विहिरीचं, विचारून कळत नाही. खाडीकाठच्या बोअरचं पाणी मचूळ असतं, तिथे टीडीएस हजाराच्या वर गेला तर आरओच लागेल. पण वर्षातले थोडे आठवडे टँकर आणि बाकी नळ असेल, तर त्या आठवड्यांत पिण्यापुरतं नळाचं पाणी वेगळं भरून ठेव. ज्यांच्याकडे बारा महिने बोअर आहे त्यांनी माझं ऐकू नये, आरओ घ्यावा.

भाची : हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं असतं तर वाद अर्ध्यावर मिटला असता.

मामा : तू सुरुवातीलाच विचारलं असतंस, पाणी कुठलं म्हणून?

भाची : आता करायचं काय, ते क्रमाने सांगा.

मामा : आधी परीक्षा. पाणी तपासायची छोटी बाटली मिळते, आत औषध असतं. खेड्यापाड्यांत आरोग्यसेवक वापरतात. पाणी भरून दीड-दोन दिवस उबेत ठेवायची. काळी पडली तर विष्ठेतले जंतू आहेत असं धरायचं. तू दोन बाटल्या भर. एक खाली, महापालिकेची लाइन सोसायटीच्या टाकीत पडते तिथे. दुसरी तुझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला.

भाची : खालची साफ आणि वरची काळी निघाली तर?

मामा : तर दोष टाकीचा. ती शेवटची कधी धुतली?

भाची : आम्ही राहायला आल्यापासून तरी नाही.

मामा : बघ. पंधरा हजारांतले अडीच हजार फिल्टरला, हजार-दोन हजार टाकी धुवायला आणि झाकण बसवायला. उरलेले बाळंतपणाला ठेव.

भाची : आणि दोन्ही काळ्या पडल्या तर?

मामा : तर लाइन फुटलीय. प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची, शेजाऱ्यांच्याही सह्या घ्यायच्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांचं पाणी उकळायचं.

भाची : मामा, दोन्ही काळ्या पडल्या तर मी यूव्हीही घेणार. यूएफच्या पुढे जोडणार, म्हणजे गढूळपणाची तुमची तक्रार राहणार नाही. लाइन केव्हा दुरुस्त होईल याच्यावर मी जाऊला सोडणार नाही.

मामा : घे. पण ट्यूब बसवल्याची तारीख डब्यावर लिही, आणि वर्ष झालं की पेटत असली तरी बदल. बाटल्या मी उद्या आणतो. सोसायटीची सभा कधी आहे?

भाची : येत्या रविवारी.

मामा : टाकीचा विषय तू काढ. मी काढला तर म्हणतील, निवृत्त माणसाला दुसरं काम नाही. तू रिपोर्ट देणारी आहेस, तुझं ऐकतील.